विजेच्या मोटारीची झिजलेली कड

मित्रांनो, मी गोल आहे, काळा आहे आणि आता बराच जुना आहे. वडगावातल्या एका विहिरीच्या काठाला मला बांधून ठेवलं आहे, म्हणजे बायकांच्या घागरी वर येताना दगडावर आपटून चेपत नाहीत. पाणी भरायला येणारी माणसं मला टायर म्हणतात. टायर तर मी आहेच. पण कसल्या गाडीचा, हे कुणी विचारत नाही. विचारलं असतं, तर मी छाती काढून सांगितलं असतं, फक्त टायरला छाती नसते ही एक अडचण. मी विजेच्या मोटारीचा पुढचा डावा टायर होतो.

हसू नका. विजेची मोटार असते. ती धूर सोडत नाही, गुरगुरत नाही, आणि तिला सुरू करण्यासाठी पुढे वाकून हँडल मारावं लागत नाही. तिच्या पोटात पेट्रोलच्या जागी बॅटऱ्या असतात. त्या बॅटऱ्यांचं वजन चांगल्या खिल्लारी बैलाएवढं भरतं, आणि तो बैल चोवीस तास आम्हा चार टायरांच्या डोक्यावर बसलेला असतो. एवढं लक्षात ठेवा, म्हणजे पुढची गोष्ट नीट कळेल.

माझा चीक मलायातल्या झाडांचा. कलकत्त्याकडच्या एका कारखान्यात सुती कापडाच्या थरांवर तो चढवला, साच्यात घालून भाजला, आणि मी जन्मलो. साच्यातून निघालो तेव्हा माझ्या अंगावर अशी खोल नक्षी होती की बोट घातलं तर रुतून बसावं. माझ्याच मागोमाग माझा भाऊ निघाला. आम्हा दोघांना मुंबईच्या दुकानात एका खुंटीला टांगलं. एकेचाळीस सालच्या शेवटी तिथून आम्हाला निपाणीच्या शांतिनाथ अण्णांनी उचललं.

अण्णा तंबाखूचे व्यापारी. ही विजेची मोटार त्यांनी ऐन तारुण्यात बेळगावच्या कॅम्पातल्या एका मडमेकडून घेतली होती. मडम विलायतेला परत चालली होती, आणि अण्णांना नव्या वस्तूंची हौस. हौस चार वर्षं टिकली. मग पेट्रोलची मोटार आली आणि विजेचीला तंबाखूच्या वखारीत ताडपत्रीखाली झाकून ठेवलं. वीस वर्षं ती तिथे उभी होती. तंबाखूच्या वासाने तिच्या गाद्यांना कसर लागली नाही, हा त्यातल्या त्यात फायदा.

अण्णांची लेक ब्राह्मीबाई. बाळंतपणं करण्याचं शिक्षण घेऊन ती बेळगावात अनगोळला राहत होती, आणि आसपासच्या खेड्यांत अडलेल्या बायकांना सोडवत होती. लढाई सुरू झाली आणि पेट्रोल कुपनावर गेलं. टांगा वेळेवर मिळेना. तिने वडिलांना लिहिलं, "आप्पा, वखारीतली गाडी मला द्या. तिला कुपन लागत नाही." अण्णांनी नव्या बॅटऱ्या मागवल्या, पुढच्या चाकांवर आम्हा दोघा भावांना चढवलं आणि बेचाळीसच्या चैत्रात गाडी बेळगावला धाडली.

धाडली म्हणजे बैलांनी ओढून धाडली. निपाणी ते बेळगाव एवढा पल्ला एका दमात तिला झेपणारा नव्हता. वाटेतल्या प्रत्येक गावात लोक बाहेर येऊन विजेच्या मोटारीला जुंपलेले बैल पाहत होते आणि काय हसायचं ते हसून घेत होते. बेळगाव पाच-सहा मैलांवर राहिलं असताना काकतीजवळ पलटणीची एक लॉरी भोंगा वाजवत आली. बैल बुजले आणि गाडी चरात गेली. आम्हा भावांना काही झालं नाही. पण आम्हा दोघांच्या मधला लोखंडी आस वाकला.

काकतीत मष्णू लोहार होता. मोठा कसबी माणूस. पंचक्रोशीतल्या बैलगाड्यांच्या चाकांवरच्या लोखंडी धावा त्याच्याच भट्टीतून चढायच्या. त्याने आस सोडवला, तापवला, ऐरणीवर घेऊन दुपार उलटायच्या आत सरळ केला. सरळ केल्यावर त्याने स्वतःच्या मनाने आणखी काहीतरी केलं. ते काय, हे तेव्हा मलाही समजलं नाही. मला एवढंच जाणवलं की कालपर्यंत मी अख्ख्या तळव्यावर उभा होतो, आणि आता पायाच्या बाहेरच्या कडेवर उभा आहे.

मित्रांनो, तुम्ही कधी तळपायाच्या बाहेरच्या कडेवर चालून पाहा. अंगणातून दारापर्यंत चाला. मग विचार करा, मी तसा अनगोळ, वडगाव, यळ्ळूर, मजगाव करत रोज वीस-वीस मैल चाललो.

पण ते दिवस मोठे झोकात सुरू झाले. ब्राह्मीबाईंचा मामेभाऊ कुंथुनाथ एका टॉकीजमध्ये यंत्र चालवायचा. सिनेमाच्या दिव्याला जी वीज लागते, तसलीच आमच्या बॅटऱ्यांना लागते. म्हणून सकाळी खेळ नसताना गाडी टॉकीजच्या मागच्या बाजूला वीज पीत उभी राहायची. रस्त्याने निघाली की आवाज न करता जायची, आणि टांग्याच्या घोड्यांना ती मागून आलेली कळायची नाही. चालवायला गोल चाकही नाही, एक आडवा दांडा, तो बाई एका हाताने धरायच्या. वडगावच्या बायका म्हणायच्या, "बाई काय गाडी हाकत न्हाईत, ताक घुसळायलेत." पण गाडी दारात आली की त्याच बायका पदर खोचून वाट करून द्यायच्या.

आषाढात बाईंना माझी बाहेरची कड गुळगुळीत झालेली दिसली. भावाचीही तशीच. आतल्या कडेला मात्र नक्षी नव्यासारखी.

त्यांनी गाडी कॅम्पातल्या परशराम मिस्त्रीकडे नेली. मिस्त्री हुशार होता, पण गाडी आली की त्याचं डोकं आधी झाकणाखाली जायचं आणि बराच वेळ तिथेच राहायचं. त्याने माझ्यावर अंगठा फिरवला.

"हवा कमी असंल तर दोनी कडा जात्यात बाई. जास्त असंल तर मधला भाग जातोय. ह्याची एकच कड गेलीया. म्हंजे मालच खराब."

"दोन्ही टायरांचा?"

"एकाच घाण्यातलं असत्यात की. फसवलं तुमच्या आप्पास्नी मुंबईवाल्यांनी."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाईंनी मात्र ऐकून घेऊन एक शहाणपणाची गोष्ट केली. त्या म्हणाल्या, "मग मागचे जुने टायर पुढे लावून बघा."

मागच्या दोघांनी वखारीतला काळही पाहिला होता, वयाने थोरले. ते पुढे आले, आणि महिन्याभरात त्यांचीही बाहेरचीच कड गेली. मुळात जुने, त्यात हे, त्यामुळे त्यांचं आतलं कापड आधी दिसायला लागलं. पुन्हा आम्हा भावांना पुढे आणलं आणि थोड्याच दिवसांत आमचंही कापड दिसू लागलं. मिस्त्री म्हणाला, "मग बॅटऱ्यांचं वजन. लेडीज गाडी हाय ओ. ही उभी करा आणि टांगा ठरवा."

नवा टायर मिळण्याची सोय नव्हती. मलाया जपान्यांनी घेतला होता आणि रबर सोन्यासारखं झालं होतं. टायरसाठी सरकारी परवाना लागायचा. बाईंनी अर्ज भरला. त्यात 'महिन्याला पेट्रोल किती लागते' असा रकाना होता. बाईंनी खरं ते लिहिलं, लागत नाही. अर्ज परत आला. ज्या गाडीस पेट्रोल लागत नाही, त्या गाडीस टायरची निकड दिसत नाही, असा वर शेरा होता. बाईंनी तो दोनदा वाचला आणि घडी घालून पर्समध्ये ठेवला. त्या फारशा रागवायच्या नाहीत. राग आला की औषधांच्या बाटल्या पुसत बसायच्या. त्या दिवशी सगळ्या बाटल्या लखलखीत झाल्या.

आणि याच वेळी राजाबाईचं सातवं संपत आलं होतं.

राजाबाई ही वडगावच्या जयाबाईची लेक. जयाबाई विणकरीण, घरात दोन माग. लेक दिली होती खानापूरच्या वाटेवरच्या एका वस्तीत, बेळगावपासून नऊ मैलांवर. दोनदा राजाबाई बाळंतपणाला माहेरी आली, दोनदा पाळण्याच्या दोऱ्या बांधून झाल्या, आणि दोन्ही वेळा त्या सोडून ठेवाव्या लागल्या. म्हणून सासू म्हणाली, "माहेर लाभत न्हाय पोरीला. तिसरं हितंच." ब्राह्मीबाई महिन्यातून एकदा वस्तीवर जाऊन तिला तपासायच्या. आश्विनात तपासलं तेव्हा मूल आडवं होतं. फिरलं तर बरं. फिरलं नाही, तर कळा सुरू झाल्याबरोबर तिला बेळगावच्या दवाखान्यात आणायला हवं होतं. बैलगाडीला तेवढ्या वाटेला साडेतीन तास लागायचे, आणि हिसके बसायचे ते वेगळेच. विजेच्या मोटारीला एक तास पुरे होता.

येताना बाई वडगावात थांबल्या. जयाबाई मागावर बसली होती.

"आक्का, वेळ आली की मी जाणारच. पण गाडी येईल का, ते सांगवत नाही. टायर फुटायच्या बेतात आलेत."

जयाबाईने मागावरचा पाय काढला. "दावा."

"काय दाखवू? कापड दिसायला लागलंय."

"कापडच बगायचं काम करतो न्हवं आमी. दावा."

ती बाहेर येऊन माझ्यापुढे उकिडवी बसली. मित्रांनो, तोवर मला अंगठे लावणारे पुष्कळ भेटले होते, पण असा हात लागला नव्हता. तिने तळवा आडवा फिरवला, बाहेरच्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत, लुगड्याची घडी उलगडावी तसा.

"हा काठ इरलाय. ह्यो काठ कोरा करकरीत. त्या दुसऱ्याचं?"

"त्याचंही बाहेरचंच."

"आन् मागली दोन पुढं लावलीती म्हणालासा?"

"तीही तशीच गेली."

"मग टायराला कशापाय बोलतायसा?" जयाबाई म्हणाली. "राजी ल्हान असताना तिच्या मागावर लुगड्याचा एकच काठ घासून निगायचा. मी चार दिस पोरीला बोल बोल बोलले. सूत बदललं, तरी तसंच. मग बगितलं, तर कापड गुंडाळायचा रूळच एका अंगाला उतरलेला. जे लावंल ते एकाच काठानं झिजतंय, तर खोट लावलेल्यात न्हाय बाई. जितं लावताय तितं हाय."

मला आनंदाने फुटून जावंसं वाटलं. पण त्या दिवसांत ते मला परवडणारं नव्हतं.

जयाबाई आत गेली आणि सुताची भरलेली कांडी घेऊन आली. सुताचं टोक तिने माझ्या डोक्यावर, बाहेरच्या बाजूला टेकवून धरलं आणि कांडी खाली लोंबू दिली. सूत वर मला चिकटलं होतं. खाली माझ्यात आणि सुतात चार बोटं जागा राहिली. मग ती मागच्या चाकाकडे गेली. तिथे सूत वरही टेकलं, खालीही टेकलं.

ब्राह्मीबाई गाडीसमोर चार पावलं मागे गेल्या आणि खाली बसून पाहू लागल्या. आम्ही दोघे भाऊ डोकी बाहेर टाकून उभे होतो, फेंगड्या माणसासारखे.

"हे मला सात महिने दिसलं कसं नाही?" त्या म्हणाल्या.

त्याच वेळी रस्त्याने उसाची एक बैलगाडी चालली होती. बाईंनी तिच्या चाकांकडे पाहिलं, आणि मग वळून आमच्याकडे. त्या बैलगाडीची चाकंही तशीच बाहेर कललेली होती. आमच्या मुलखातल्या प्रत्येक गाडीची असतात. जन्मापासून बघून बघून कललेलं चाक हेच सगळ्यांच्या डोळ्यांना सरळ वाटत होतं. मिस्त्रीला, बाईंना, सगळ्यांना.

"आक्का," बाई म्हणाल्या, "उद्या सकाळी माझ्याबरोबर काकतीला येता?"

"येतो की. कांडी घेऊन येतो."

दुसऱ्या दिवशी आम्हाला जपत, चालत्या माणसाच्या बरोबरीने आम्ही काकती गाठली. मष्णू लोहार भट्टीवरून उठून आला, हात पुसत, मिशीत हसत.

"आली व्हय माजी गाडी. कशी पळतीया?"

"पळतीया झ्याक," जयाबाई म्हणाली. "पायातलं झिजवून पळतीया."

ब्राह्मीबाईंनी त्याला सगळं नीट सांगितलं. मष्णूचं हसू गेलं. "म्हंजे माज्या कामात खोट हाय म्हंता?"

"तुम्ही आसाला कल दिलात का, एवढंच विचारते."

"दिला. देणारच. बैलगाडीचं चाक बशीवानी खोल असतंय बाई. कणा खाली कलता ठिवला, की खालची आरी, म्हंजे चाकातला दांडा, बरूबर उबी ऱ्हाती आन् वजन पेलती. कल दिला न्हाय तर आऱ्या मोडत्यात. माज्या आज्यानं शिकवलंय मला. तुमची गाडी बिनकलाच्या आसानं आलती, म्हटलं, मुंबईवाल्यांनी इसरलं असंल."

"बरोबर आहे तुमचं," बाई म्हणाल्या. "आता हे चाक बशीसारखं आहे का, तेवढं बघा."

मष्णूने लोखंडी पट्टी आणली. बैलगाडीच्या एका चाकावर आडवी ठेवली, तर मध्ये तीन बोटं पोकळी. मग ती माझ्या चाकावर ठेवली. आऱ्यांवर ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत टेकली.

"हे तर पाटावानी सपाट हाय," तो हळू आवाजात म्हणाला.

तो माझ्यासमोर बसला आणि माझ्या झिजलेल्या कडेवरून बोट फिरवू लागला. आतलं कापड बोटाला लागलं तेव्हा त्याने हात मागे घेतला.

"म्हंजे मी हिला बैलगाडी करून ठिवली."

"व्हय," जयाबाई म्हणाली. "बैल जुपायचं तेवढं ऱ्हायलंय."

मष्णूची बायको शालूबाई दारात उभी होती. ती पदरात तोंड लपवून हसली. "सात म्हैनं गावभर सांगत फिरायलेत, मोटार दुरुस्त केली म्हणून."

"दुरुस्तच केलीया," मष्णू उठत म्हणाला. "जास्त केली, एवढंच. भाता लाव."

मित्रांनो, चूक कळल्यावर माणसं दोन प्रकारची होतात. काही तोंड फिरवतात, काही बाह्या सरसावतात. मष्णूने त्या दिवशी जेवायलाही सुट्टी घेतली नाही. बॅटऱ्या उतरवल्या, आस सोडवला, निखाऱ्यात हळूहळू लाल केला. घाव घालायचा, थंड होऊ द्यायचा, आस जागेवर चढवायचा आणि जयाबाईने सूत सोडायचं. चार बोटांची दोन झाली, दोनाचं एक झालं. गाडीबरोबर आलेल्या इंग्रजी पुस्तकाला अर्धी वाळवी लागली होती, पण चाकांचं चित्र शाबूत होतं. त्यात अगदी थोडा कल दाखवला होता. मष्णू घाम पुसत म्हणाला, "झालं."

"थांबा," ब्राह्मीबाई म्हणाल्या. "रिकाम्या गाडीचं माप खरं नाही. बॅटऱ्या घाला, माणसं बसवा, मग सूत सोडा."

गाडीत कोण बसणार? शालूबाई आणि शेजारच्या दोघी लगेच येऊन बसल्या, पाय पोटाशी घेऊन, जन्मात पहिल्यांदा मोटारीत. त्या बसल्याबरोबर सूत मला वरपासून खालपर्यंत चिकटलं. कल पार गेला होता. मष्णूने पुन्हा आस सोडवला. दुसऱ्या खेपेला शालूबाईने चार बायका आणल्या. सूत खाली माझ्यापासून अर्ध्या बोटावर थांबलं. पुस्तकात होतं तेवढंच.

मग आम्हा दोघा भावांना जोडणारी दांडी. माझ्यावर आणि भावावर चुन्याची खूण केली, पुढून आणि मागून दोरीने अंतर मोजलं. आम्ही नाकं एकमेकांकडे वळवून चालत होतो. मष्णूने दांडीचे आटे फिरवून पुढचं अंतर मागच्यापेक्षा जोंधळ्याच्या दोन दाण्यांएवढंच कमी ठेवलं. शेवटी मला चाकावरून काढून उलटं चढवलं, म्हणजे झिजलेली कड आत गेली आणि कोरी कड बाहेर आली. कापड दिसत होतं तिथे पोटातून जुन्या टायरचा तुकडा लावला.

मी जमिनीवर उतरलो. मित्रांनो, सात महिन्यांनी मी अख्ख्या तळव्यावर उभा राहिलो. परत येताना दांडा एका बोटाने वळत होता, आणि आम्ही चालत्या माणसाला मागे टाकून आलो.

पण खरी परीक्षा बाकी होती. माझ्यावर नवं रबर काही उगवलं नव्हतं. उरलेलं तेवढंच होतं, आणि त्याच्या भरवशावर अठरा मैल जायचं होतं, त्यातला दीड मैल नुसता दगडगोट्यांचा.

दिवाळीच्या आधी तीन दिवस, सकाळी दहाच्या सुमाराला, राजाबाईचा दीर सायकल दामटत टॉकीजच्या मागे आला. कळा सुरू झाल्या होत्या. मूल फिरलं नव्हतं.

कुंथुनाथने तारा काढल्या आणि तो बाईंना म्हणाला, "आक्का, अर्धंच भरलंय गं. जाऊन येशील, पण वाटंत उगीच कुठं थांबू नको."

दिराने येताना वडगावात निरोप दिला होता, म्हणून जयाबाई वाट पाहत दारातच उभी होती. गाडी थांबते न थांबते तोच ती आत बसली. मी वाटेतला एकेक दगड मोजत होतो. पूर्वी दगड लागला की माझी एकच कड चेंगरायची, आणि मी कळवळायचो. आता तो मधोमध लागायचा, मी जरा दबायचो आणि पुढे जायचो. वस्ती आली तेव्हा ब्राह्मीबाईंनी उतरून सगळ्यात आधी माझ्याकडे पाहिलं, आणि मग त्या आत धावल्या.

राजाबाईला आणून मागच्या गादीवर निजवलं. सासू गाडीपाशी आली. तिच्या तोंडावर नको आणि न्या, दोन्ही होतं.

"न्हेतासा न्हवं नीट?" ती म्हणाली.

"नीट नेते," बाई म्हणाल्या. "तुम्हीही बसा. वजनाला चालतंय."

सासू बसली. जयाबाईच्या मांडीवर राजाबाईचं डोकं, सासूच्या मांडीवर पाय. दगडांच्या त्या दीड मैलात बाईंनी गाडी अशी नेली, जशी काठोकाठ भरलेली परात न्यावी. दर हिसक्याला राजाबाई कण्हायची, आणि माझ्या पोटातला तो तुकडा सरकतोय की काय असं मला वाटायचं. तो सरकला नाही. मजगावच्या पुढे बॅटऱ्या मंदावल्या. गाडी माणसाच्या चालीवर आली. जयाबाई नुसती समोर बघत होती. पण चाकं सरळ असली की गाडीला ओढायला कमी जोर लागतो, आणि जो जोर सात महिने आम्हाला घासण्यात वाया जात होता, तोच त्या शेवटच्या मैलात उरला. दवाखान्याच्या फाटकातून आम्ही आत शिरलो आणि आवारात गाडी आपोआप थांबली. बॅटरीत काहीही शिल्लक नव्हतं.

मी उन्हात उभा होतो. तीनचा खेळ सुरू व्हायच्या आत, खिडकीतून एका बाळाचा आवाज आला. आवाज काय, भोंगाच. मुलगी होती, आणि राजाबाईही बरी होती.

थोड्या वेळाने जयाबाई बाहेर आली. इकडेतिकडे पाहिलं, कुणी नव्हतं. तिने माझ्या अंगावर हात ठेवला. "राखलंस बाबा," एवढंच म्हणाली आणि डोळे पुसून आत गेली. मित्रांनो, मला पुढे बरीच शाबासकी मिळाली, पण मोजताना मी तिथूनच मोजायला लागतो.

वैशाखात ब्राह्मीबाईंनी काडीपेटीची काडी घेऊन माझ्या नक्षीची खोली मोजली. आम्ही उलटे चढल्यापासून दोन्ही बाजू सारख्याच झिजल्या होत्या, आणि तेही नखाएवढ्या. त्यांनी गाडी मुद्दाम परशराम मिस्त्रीकडे नेली. मिस्त्रीने माझ्यावर पुन्हा अंगठा फिरवला.

"माल खराब न्हवता म्हणायचा," तो म्हणाला.

"माल चांगला होता," बाई म्हणाल्या.

मिस्त्री मोठ्या मनाचा निघाला. महिन्याभरात त्याच्या गॅरेजच्या दारात दोरा लावलेली एक कांडी लोंबू लागली. टायरच्या त्या दुष्काळात उतारू नेणाऱ्या सर्व्हिस मोटारींचे मालक चाक घासायला लागलं की त्याच्याकडे यायचे, आणि मिस्त्रीला शंका आली की तो म्हणायचा, "वडगावात जयाक्काला दावून या." विणकरणीच्या दारात मोटारी उभ्या राहायला लागल्या. जयाबाई माग थांबवून यायची, हात फिरवायची, "आस" किंवा "दांडी" किंवा "हवा" एवढा एकच शब्द बोलायची आणि परत मागावर जाऊन बसायची. चुकली ती एकदाच, आणि ते तिने स्वतःच दुसऱ्या दिवशी जाऊन सांगितलं. आस सरळ करायला सगळ्यांना काकतीला मष्णूकडे धाडायचे. तो आधी पट्टी ठेवायचा, चाक बशी की पाट ते बघायचा, आणि मगच भात्याला हात लावायचा.

मी सत्तेचाळीसच्या फाल्गुनापर्यंत धावलो. ज्या टायरला चार महिन्यांत फेकायला निघाले होते, तो पाच वर्षं चालला. किती बाळंतिणी झाल्या ते बाईंच्या वहीत आहे. मला वही वाचता येत नाही, पण गल्लीत खेळणारी पोरं पाहिली की मी ओळखतो, यातली कुठली माझ्या खांद्यावरून आली. शेवटी रबर मिळायला लागलं, नवा टायर आला, आणि बाईंनी मला उतरवून जमिनीवर आडवं ठेवलं. आमची नक्षी पार पुसली होती. माझी आणि भावाची, दोघांची. डावीकडून उजवीकडे हात फिरवला तरी कुठे उंच नाही, कुठे सखल नाही. मष्णू त्या दिवशी मुद्दाम बघायला आला होता. त्याने पट्टी ठेवली आणि ती टेकली.

मित्रांनो, झिजायचं तर सगळ्यांनाच आहे, त्याची मला तक्रार नाही. तुमच्या घरात, शाळेत, कामाच्या जागी कुणीतरी एकाच अंगाने झिजताना तुम्हाला दिसेल. त्याला हलका, कामचुकार, खराब मालाचा म्हणून मोकळे होऊ नका. आधी जरा लांब जा, समोरून बघा, आणि आपण त्याला कसं उभं केलं आहे ते तपासा. चूक सापडली तर मष्णूसारखे त्याच दिवशी कामाला लागा. मग बघा, तो तुम्हाला किती मैल नेतो.

मी नेलं आहे. वडगावात कुणालाही विचारा.